आय-टू-एस जोडताना या चुका टाळा

फिलिप्सने १९८६ मध्ये आखून दिलेलं आय-टू-एस म्हणजे एका चिपकडून दुसऱ्या चिपकडे डिजिटल आवाज नेणाऱ्या तीन तारा: दर बिटाला ठोका देणारा बिट क्लॉक, डावं-उजवं सांगणारी वर्ड सिलेक्ट आणि डेटा. तरी तीच दुखणी पुन्हा पुन्हा माझ्या टेबलावर येतात, आणि दरवेळी आधी स्पीकर बदलून झालेला असतो.

सगळ्यात जास्त छळते ती फॉरमॅटची गल्लत. फिलिप्सच्या पद्धतीत वर्ड सिलेक्ट पलटल्यावर एक क्लॉक सोडून पहिला बिट येतो. लेफ्ट-जस्टिफाइडमध्ये तो लगेच येतो. पाठवणारा लेफ्ट-जस्टिफाइड आणि घेणारा फिलिप्स असला की पहिला, म्हणजे चिन्हाचा बिटच गळतो.

शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर आणि मॅक्स९८३५७ए ही आय-टू-एस घेणारी अ‍ॅम्प्लिफायर चिप घेऊन आला होता. तंबोरा स्वच्छ वाजायचा, तबल्यावर थाप पडली की नुसती करकर. अ‍ॅडॉप्टर बदलला, अ‍ॅम्प्लिफायर बदलला, डेटाशीट मात्र उघडलीच नव्हती. मी गेनची, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते ठरवणारी, पिन व्हीडीडीला (पुरवठ्याच्या धन टोकाला) जोडून गेन ९ वरून ६ डेसिबलवर आणला. आवाज उतरला, करकर तशीच. म्हणजे दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच. मग कोडमधून १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह सोडली: पूर्ण पातळीच्या ४० टक्क्यांवर ठणठणीत, ६० वर चिंधड्या. निम्मी पातळी ओलांडताच आवाज फुटतो तेव्हा वरचा बिट गेलाय, असा पहिला संशय घ्या. कुठूनतरी उचललेल्या कोडमध्ये एमएसबी, म्हणजेच लेफ्ट-जस्टिफाइड, फॉरमॅट होता. तो फिलिप्स केला आणि तबला बोलू लागला. आयता कोड जरूर घ्या, पण त्यातली फॉरमॅटची ओळ डेटाशीटमधल्या टायमिंगच्या आकृतीशी ताडून पाहिल्याशिवाय बोर्डाला वीज देऊ नका.

आयएनएमपी४४१ माइकला दर फ्रेमला, म्हणजे डाव्या-उजव्याच्या एका जोडीला, ६४ क्लॉक लागतात. डेटा २४ बिटचा असला तरी प्रत्येक बाजूचा स्लॉट ३२ चाच ठेवा.

पीसीएम५१०२ या डॅकला (डिजिटलचा अ‍ॅनालॉग आवाज करणाऱ्या चिपला) बिट क्लॉकहून वेगळा मास्टर क्लॉक देत नसाल तर तो घेणारी एससीके पिन ग्राउंडला जोडा. अधांतरी सोडू नका.

बिट क्लॉक दोन्ही चिपांनी द्यायचा नसतो. क्लॉक देणारा, म्हणजे मास्टर, एकच.

आणि तारा. ४८ किलोहर्ट्झला ३२ बिटचे दोन स्लॉट म्हणजे बिट क्लॉक ३.०७२ मेगाहर्ट्झ. ब्रेडबोर्डवर हातभर जंपर लोंबकळवून वर टिकटिक ऐकू येते म्हणणाऱ्यांना मी आधी तारा कापायला लावतो. मी बोटभर तार ठेवतो, क्लॉकच्या तारेला ग्राउंडचा पीळ देतो आणि पाठवणाऱ्या पिनजवळ ३३ ओहमचा रेझिस्टर लावतो.