घरातला नोकरदार गेल्यावर पीएफ ऑफिसकडे पेन्शन मागताना या चुका टाळा

खासगी कंपनीत काम करणारा माणूस गेला की तेराव्यानंतर घरचे कंपनीत जातात. एचआर चार सह्या घेतं, काही आठवड्यांनी पीएफची रक्कम खात्यात पडते आणि घरच्यांना वाटतं, झालं काम. पुढे दोन-तीन वर्षांनी शेजारच्या बाईला पेन्शन चालू असल्याचं कानावर येतं, तेव्हा प्रश्न पडतो: मग आपल्याला का नाही? उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं की ती कुणी मागितलीच नाही. पीएफ ऑफिस आपणहून कुणाच्या दारात पेन्शन घेऊन येत नाही.

हा लेख कर्मचारी पेन्शन योजनेबद्दल आहे, म्हणजे लोक जिला ईपीएस-९५ म्हणतात ती. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ती लागू आहे. सरकारी नोकरांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम वेगळे असतात, ते इथे घेतलेले नाहीत.

एकच दावा करून थांबणं

माणूस नोकरीत असताना गेला तर मागायच्या गोष्टी तीन असतात. पीएफची साठलेली रक्कम, त्यासाठी फॉर्म २०. पेन्शन, त्यासाठी फॉर्म १०-डी. आणि ईडीएलआय म्हणजे विम्याची रक्कम, त्यासाठी फॉर्म ५-आयएफ. मृत्यूच्या दाव्यासाठी आता एकत्रित अर्जही आहे, पण त्यातही कोणकोणते दावे करताय त्यावर खूण करावी लागते. घाईत फक्त पीएफच्या चौकटीवर खूण होते, बाकीच्या दोन कोऱ्या राहतात आणि अर्ज तसाच मंजूर होतो. तो रिजेक्ट झाला असता तर निदान चूक तरी कळली असती.

विम्याबद्दल तर लोकांना माहीतच नसतं, कारण त्यासाठी पगारातून एक पैसा कापला जात नाही, सगळा हप्ता कंपनी भरते. २०२१ पासून या विम्याची कमाल मर्यादा ७ लाख रुपये आहे. काही मोठ्या कंपन्या ईडीएलआयऐवजी स्वतःची सामूहिक विमा योजना घेतात. तिथे ५-आयएफ भरून उपयोग नाही, दावा त्या विमा कंपनीकडे जातो. तसंच काही कंपन्यांचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असतो. तिथे पीएफचे पैसे ट्रस्ट देतो, पेन्शन मात्र पीएफ ऑफिसच देतं. 'ट्रस्टने सगळं दिलं' असं समजून बसलेली कुटुंबं आहेत. एचआरला थेट विचारा: पीएफ कुणाकडे, विमा कुणाकडे?

'दहा वर्षं झाली नव्हती' म्हणून गप्प बसणं

दहा वर्षांच्या नोकरीची अट कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या पेन्शनसाठी आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पेन्शन खात्यात एका महिन्याचं योगदान जमा असलं तरी कुटुंबाला पेन्शन मिळते. कंपनीतल्याच कुणीतरी 'सर्व्हिस कमी आहे, काही बसत नाही' असं तोंडी सांगून परत पाठवलेल्या घरांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. ग्रॅच्युइटीचंही तसंच. पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत लागू नाही.

नोकरी सोडल्यानंतर, ५८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत मृत्यू झाला, तर मात्र दहा वर्षांची सेवा महत्त्वाची ठरते. म्हणून नोकरी बदलताना १०-सी भरून पेन्शनचे थोडेसे पैसे काढून घेणं हा महागातला सौदा. मागची सेवा पुसली जाते, आणि मध्ये काही बरंवाईट झालं तर बायको-मुलांच्या हाती दाखवायला काही उरत नाही.

'विधवा पेन्शन' या नावाला फसणं

बाई कारखान्यात, हॉस्पिटलमध्ये किंवा शाळेच्या बसवर नोकरी करत होती, ती गेली, तर नवऱ्यालाही हीच पेन्शन त्याच नियमांनी मिळते. तो स्वतः कमावता असला तरी बिघडत नाही. पण आपल्याकडे पुरुषांना हे मागायची लाज वाटते, नाहीतर ही योजना बायकांसाठीच आहे असं वाटतं. त्यात मुलांचा हिस्साही बुडतो, आणि मुलांच्या हिश्शाबद्दल लाज वाटायचं तर काहीच कारण नाही.

नॉमिनी आणि कुटुंब यांची गल्लत

सासू-सुनेत सर्वाधिक कटुता इथेच येते. मुलगा नोकरीला लागला तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, फॉर्म २ वर, म्हणजे नॉमिनेशनच्या अर्जावर, आईचं नाव टाकलं. लग्न झालं, मुलं झाली, फॉर्म तसाच राहिला. तो गेल्यावर आई म्हणते, कागदावर माझं नाव आहे. नियम सांगतो की लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्न झाल्यावर आपोआप रद्द होतं, नवीन करावं लागतं. नवीन केलं नसेल तर पीएफची रक्कम कुटुंबातल्या पात्र सदस्यांत समान वाटली जाते. सज्ञान मुलगे आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुली त्यातून वगळल्या जातात, आई-वडील अवलंबून असतील तर ते धरले जातात.

पेन्शनचं गणित आणखी वेगळं. तिथे कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी आणि मुलं, बस्स. आई-वडील त्यात नाहीत. पत्नी किंवा मुलं असताना आईच्या नावाचं नॉमिनेशन पेन्शनसाठी निरुपयोगी आहे. पत्नी वेगळी राहत होती, कोर्टात घटस्फोटाची केस चालू होती, पण हुकूमनामा झाला नव्हता? पेन्शन तिचीच. हे सासरच्यांना पटत नाही, पण अर्ज अडवून मुलांचं नुकसान होतं एवढंच.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांसाठी एक बारीक वाट आहे. सभासदाला पती/पत्नी नसेल आणि पात्र मुलंही नसतील तर पेन्शनसाठी तो कुणाही व्यक्तीचं नाव नॉमिनी म्हणून देऊ शकतो, जोडीदाराचंही. नाव दिलंच नसेल तर पेन्शन अवलंबून असलेल्या वडिलांना आणि त्यांच्यानंतर आईला जाते. नुसतं 'आम्ही दहा वर्षं एकत्र होतो' हे सांगून जोडीदाराला काही मिळत नाही. आणि पीएफच्या रकमेसाठी ही सूट नाही: आई-वडील अवलंबून असतील तर ते कुटुंबात मोडतात आणि बाहेरच्या माणसाच्या नावाचं नॉमिनेशन टिकत नाही.

हे सगळं आज घरबसल्या दुरुस्त करता येतं. यूएएनच्या, म्हणजे सभासदाच्या कायमच्या पीएफ क्रमांकाच्या, पोर्टलवर ई-नॉमिनेशन आहे, आधारच्या ओटीपीने सही होते. मुलांची नावंही त्यात टाकायची.

मुलांची पेन्शन सोडून देणं

पत्नीच्या पेन्शनशिवाय मुलांना वेगळी पेन्शन मिळते: प्रत्येकाला पत्नीच्या पेन्शनच्या २५ टक्के, एका वेळी दोन मुलांना, वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत. 'अठरापर्यंतच असते' ही ऐकीव गोष्ट आहे. तीन मुलं असतील तर आधी थोरल्या दोघांना, आणि थोरला पंचविशी ओलांडला की तिसऱ्याची सुरू होते. तिसऱ्याचं नाव पहिल्याच १०-डी मध्ये नसेल तर पुढे ती सुरू करून घेताना दमछाक होते, म्हणून सगळ्या मुलांची नावं आणि जन्मतारखा पहिल्याच अर्जात द्या. मूल कायमचं दिव्यांग असेल तर त्याची पेन्शन आयुष्यभर चालते.

आकडे पाहू. निवृत्त माणसाची पेन्शन ३,००० रुपये होती आणि तो गेला. पत्नीला तिच्या निम्मी, म्हणजे १,५०० रुपये. दोन मुलं २५ च्या आतली असतील तर प्रत्येकी ३७५. घरात एकूण २,२५० रुपये. मोठी रक्कम नाही, हे कुणी सांगायला नको. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर अडकली आहे आणि त्यावरचा राग रास्तच आहे. माणूस नोकरीत असताना गेला असेल तर मात्र निम्म्याचा नियम लागत नाही. त्या दिवशी तो निवृत्त झाला असता तर जी पेन्शन बसली असती ती, आणि पगारानुसार ठरवलेल्या तक्त्यातली, यांतली जास्त असेल ती पत्नीला मिळते.

आता पुनर्विवाह. पत्नीने पुन्हा लग्न केलं की तिची पेन्शन थांबते, म्हणून घरं ते लपवतात आणि पुढे वसुलीची नोटीस येते. पण पत्नीची पेन्शन थांबली की मुलांना अनाथ मुलांच्या दराने, म्हणजे ७५ टक्के मिळतात. वरच्या उदाहरणात दोन मुलांना प्रत्येकी १,१२५, एकूण पुन्हा २,२५० रुपयेच. म्हणजे दोन मुलं पात्र असतील तर लपवून मिळवायचं काहीच नाही. आईचं निधन झालं तरी हेच लागू होतं. तेव्हा मुलांनी दर बदलून घेण्यासाठी अर्ज करायला हवा, तो आपोआप बदलेल म्हणून बसू नये.

मुलांच्या नावाने बँक खातं आधीच उघडून ठेवा. नंतर ते उघडण्यात महिने जातात.

कंपनीने नोंदवलेलं कारण न तपासणं

माणूस गेल्यावर कंपनी पोर्टलवर नोकरी संपल्याची तारीख आणि कारण भरते. कारणांच्या यादीत 'नोकरीत असताना मृत्यू' हा वेगळा पर्याय आहे. कारकून सवयीने 'नोकरी सोडली' निवडतो, आणि तुमचा दावा नोकरी सोडलेल्या माणसाचा म्हणून तपासला जातो: दहा वर्षं आहेत का, विमा का मागताय वगैरे. तारीखही पाहायची. मृत्यू १७ तारखेचा आणि नोकरी संपल्याची तारीख महिनाअखेरची, किंवा उलट मागच्या महिन्याची, असं दिसलं की फाईल अडते. मृत्यूच्या आधी चार महिने माणूस आजारपणाच्या बिनपगारी रजेवर असेल तर कंपनी शेवटच्या पगाराची तारीखच टाकून मोकळी होते. हजेरीपटावर नाव होतं, याचं पत्र कंपनीकडून घ्या आणि दुरुस्ती करून मगच दावा टाका. दावा आधी टाकून मग भांडणं हा उलटा प्रवास आहे.

ठेकेदाराकडे काम करणारा असेल आणि ठेकेदार फोन उचलत नसेल तर मूळ कंपनीला धरा. ठेकेदाराने न भरलेल्या पीएफची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते.

पासबुकातला पेन्शनचा रकाना न पाहणं

पीएफच्या पासबुकात पेन्शन योगदानाचा वेगळा रकाना असतो. पगार १५,००० किंवा त्याहून जास्त असेल तर त्यात दरमहा १,२५० रुपये दिसतात. तिथे शून्य असेल तर दोन शक्यता. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेला आणि सुरुवातीपासून मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च्या वर असलेला माणूस पेन्शन योजनेत येतच नाही. कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्ये जातो आणि कुटुंबाला पेन्शन नसते, फक्त पीएफ आणि विमा. दुसरी शक्यता चुकीची: माणूस आधीच्या नोकरीत पेन्शनचा सभासद होता, पण नव्या कंपनीने त्याला नवखा समजून योगदान थांबवलं. जुन्या कंपनीचा सभासद क्रमांक आणि पासबुक शोधून काढा, ही चूक दुरुस्त होऊ शकते.

नावांचा घोळ

मराठी घरांत हा हमखास. मॅरेज सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत आणखी तिसरं. आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी. दत्तात्रय हे नाव इंग्रजीत लिहिताना शेवटी 'ए' आहे की नाही, एवढ्यावरून फाईल परत येते. लग्नाची नोंदणीच झालेली नसेल तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेत आधी ती शक्य आहे का ते पाहा. रेशनकार्ड, मुलांच्या जन्मदाखल्यावरची आई-वडिलांची नावं हे पूरक पुरावे म्हणून कामाला येतात. आधी पत्नीचं आधार आणि बँक खातं एकाच नावावर आणा, मग अर्ज.

यात एक अनावश्यक धावपळही होते. आपल्याकडे वारस दाखला दिवाणी न्यायालयातून काढावा लागतो, त्यात वेळ आणि वकिलाची फी दोन्ही जातात. कुणीतरी सांगतं म्हणून लोक तो काढायला धावतात. पत्नी आणि मुलांच्या पेन्शनसाठी मुळात त्यांचं नातं सिद्ध व्हायला हवं. पीएफ ऑफिसने लेखी मागितल्याशिवाय कोर्टाची पायरी चढू नका.

उशीर झाला म्हणून सोडून देणं

पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, अर्ज केल्याच्या दिवसापासून नाही. चार वर्षांपूर्वी माणूस गेला असेल आणि तेव्हा पेन्शनचा दावा केला नसेल तर आजही करा, थकबाकीसह मागा. टक्केवारी घेणाऱ्या एजंटांची इथे गरज नाही. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ ऑफिस जिल्ह्याजिल्ह्यात 'निधि आपके निकट' नावाचं शिबिर भरवतं, तिथे अधिकारी समोर बसलेले असतात. अर्ज अडकला तर ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर नोंद करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

पेन्शन सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो नोव्हेंबरातच द्यायला हवा असं नाही. कधीही दिला तरी त्या दिवसापासून वर्षभर चालतो, आणि मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. जानेवारी २०२५ पासून पेन्शन कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून घेता येते. त्यामुळे नवऱ्याच्या नोकरीचं गाव सोडून माहेरी परतलेल्या बाईला खात्यासाठी जुन्या शहरात खेटे घालायची वेळ आता येत नाही.