पर्लमध्ये लॉग फिल्टर करताय? रेजेक्सच्या या चुका टाळा

सर्व्हर सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांकडे पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट असतेच, एसएसएचचा (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायची सोय) लॉग वाचायचा, चुकीचे पासवर्ड मारणारे आयपी काढायचे आणि फायरवॉलला द्यायचे. यात रेजेक्स (मजकुरात हवं ते शोधायचा पॅटर्न) चुकला तर एरर वगैरे काही येत नाही, स्क्रिप्ट मस्त चालत राहते आणि भलत्यालाच पकडते किंवा भलत्यालाच सोडते, म्हणून इथं काळजी घ्यायलाच हवी.

पहिली चूक टिंबाची, आणि ही मी स्वतः केलीय. आमचं मॉनिटरिंगचं मशीन १०.१.१.५ वर होतं, त्याच्या ओळी वगळायच्या म्हणून मी आयपी जसाच्या तसा पॅटर्नमध्ये टाकला. रेजेक्समध्ये टिंब म्हणजे कुठलंही एक कॅरेक्टर, त्यामुळे १०.१३१.५४.७ पण त्यात बसला! विश्वास नसेल तर एकेक अक्षर लावून बघा, दुसऱ्या टिंबाच्या जागी ३ बसतो आणि तिसऱ्याच्या जागी खरं टिंब. ते मशीन व्हायरस लागून दोन दिवस पासवर्ड मारत होतं आणि माझी स्क्रिप्ट त्याला आपलाच माणूस समजून सोडून देत होती. टिंबाआधी बॅकस्लॅश द्या, दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी (शब्दाची कड) लावा, नाहीतर १०.१.१.५० पण आत येतो. आयपी व्हेरिएबलमधून येत असेल तर त्याला बॅकस्लॅश क्यू आणि बॅकस्लॅश ई च्या मधे ठेवा, सगळं आपोआप एस्केप होतं, म्हणजे टिंब साधं टिंबच धरलं जातं.

दुसरी जास्त घातक आहे. लॉगच्या ओळीत युजरनेम येतं, मग 'फ्रॉम', मग आयपी, मग पोर्ट. सगळे सांगतात की .* (कितीही, कुठलीही अक्षरं) हावरट आहे, जमेल तितकं गिळतं, त्याऐवजी कमीत कमी घेणारं .*? वापरा. पण युजरनेम समोरचा माणूस टाइप करतो ना! त्याने युजरनेममध्येच 'फ्रॉम' आणि तुमच्या गेटवेचा (नेटवर्कमधून बाहेर जायच्या दाराचा) आयपी घातला तर .*? पहिल्याच 'फ्रॉम'वर थांबतं, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने गेटवे ब्लॉक करता. इथं पॅटर्न ओळीच्या शेवटाला बांधायचा, म्हणजे आयपी, पोर्ट, नंबर, एसएसएच२ आणि मग $ (ओळीचा शेवट), असं सगळं लिहायचं.

तिसरी, डॉलर-वन, म्हणजे मॅचमधला पहिल्या कंसातला मजकूर जिथं साठतो ते व्हेरिएबल. एकाच ब्लॉकमध्ये आधी युजरनेमसाठी मॅच केलं आणि नंतर आयपीसाठी, आणि दुसरं फेल झालं, तर डॉलर-वन रिकामा होत नाही, त्यात आधीचं युजरनेमच राहतं. रिपोर्टमध्ये आयपीच्या कॉलमात 'रूट' दिसलं की समजा हेच झालंय. मॅच नेहमी इफमध्येच करा आणि डॉलर-वन त्याच्या आतच वाचा.

पॅटर्न बरोबर दिसतोय तरी $ लागत नाहीये? फाइल विंडोजवरून आली असेल, ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न लपलेला असतो, फाइल दाखवणाऱ्या कॅट कमांडला कॅपिटल ए ऑप्शन दिला की ^ आणि एम दिसतात.

स्क्रिप्ट हँग होऊन सीपीयू १०० टक्के दाखवत असेल तर एकापाठोपाठ दोन .* आहेत का बघा. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरचं नेटवर्क साधारण अर्धा तास अशाच एका पॅटर्नच्या बॅकट्रॅकिंगमुळे (मागे येऊन पुन्हा पुन्हा जुळवून बघण्यामुळे) पडलं होतं.

आणि आपल्या लोकांसाठी एक खास, युनिकोड स्ट्रिंगवर बॅकस्लॅश डी (कुठलाही एक आकडा) हे ०१२३ असे देवनागरी आकडेसुद्धा पकडतं. मराठी फॉर्ममधून आलेला डेटा तपासताना फक्त इंग्रजी आकडे हवे असतील तर मॅचच्या शेवटी ए फ्लॅग लावा.

मी आता प्रत्येक स्क्रिप्टशेजारी एक टेस्ट फाइल ठेवते, त्यात मॅच व्हायला *नकोत* अशाच ओळी जास्त असतात, आणि १०.१३१.५४.७ वाली सगळ्यात वर.