ग्राफिक्स कार्ड तापतंय? स्क्रू-ड्रायव्हर शेवटी उचला

कार्ड गरम होतंय एवढ्या भांडवलावर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) मागवू नका. आधी आकडे हवेत. एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड डाउनलोड करा, तुम्ही खरोखर खेळता त्यातला सगळ्यात जड गेम अर्धा तास चालवा आणि जीपीयूचं (कार्डावरच्या मुख्य चिपचं) तापमान, हॉटस्पॉट (त्या चिपवरचा सगळ्यात गरम बिंदू), मेमरीचं तापमान, पंख्यांचा वेग आणि कार्ड किती वॉट खेचतंय हे टिपून ठेवा. शेजारी खोलीचं तापमानही लिहा. खोली पाच अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच वर जातं. ही नोंद नसेल तर पुढच्या सगळ्या तुलना फुकट. फरमार्क हे कार्डावर मुद्दाम कमाल भार टाकणारं सॉफ्टवेअर चालवून घाबरून जाण्यात अर्थ नाही, तसा भार कुठलाच गेम देत नाही.

आता आकडे वाचायचे. ७० ते ७५ अंश म्हणजे कार्ड मजेत आहे. एनव्हिडियाने आरटीएक्स ४०९० साठी ९० अंशांची कमाल मर्यादा दिली आहे. एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सचा हॉटस्पॉट ११० ला पोचला की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. जीपीयू आणि हॉटस्पॉट यांत दहा-पंधरा अंशांचं अंतर नेहमीचंच. ते तीसच्या पुढे गेलं तर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) चिपवर नीट बसलेला नाही, किंवा पेस्ट कडेला सरकली आहे अशी शंका घ्या. आरटीएक्स ५०९० वर हॉटस्पॉटचा आकडा दिसत नाही, तिथे बाकीच्या आकड्यांवरच भागवावं लागतं. आणि कार्ड नवं असताना अंतर एवढं मोठं असेल तर ते उघडू नका, वॉरंटीत परत करा. ७९०० एक्सटीएक्सच्या काही रेफरन्स (एएमडीच्या स्वतःच्या डिझाइनच्या) कार्डांत कूलरच्या व्हेपर चेंबरमध्ये, म्हणजे पाण्याच्या वाफेने उष्णता पसरवणाऱ्या बंद डबीत, पुरेसं पाणीच नव्हतं, हे एएमडीने २०२३ च्या सुरुवातीला मान्य केलं होतं. असा दोष कितीही महागडी पेस्ट लावून जात नाही.

सगळ्या उपायांतलं सगळ्यात मोलाचं काम यापुढचं आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही: वॉट कमी करणं. ४०९० चं ठरलेलं पॉवर लिमिट ४५० वॉट, ५०९० चं ५७५. गेम चालू असताना यातला जवळजवळ प्रत्येक वॉट उष्णता होऊन खोलीत येतो, म्हणजे टेबलाखाली छोटा रूम हीटरच लावून बसल्यासारखं. कूलर कितीही मोठा घ्या, तो उष्णता फक्त इकडून तिकडे नेतो. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम पुन्हा चालवा. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी कार्ड वीज भरमसाट खातं, त्यामुळे लिमिट उतरवलं तरी फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) फार थोड्या कमी होतात. बहुतेकांना फरक फक्त आकड्यांत दिसतो, पडद्यावर नाही. आणखी नेटकं करायचं तर अंडरव्होल्ट, म्हणजे तोच वेग कमी व्होल्टेजवर: आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडा, कमी व्होल्टेजवरचा एक बिंदू हव्या त्या क्लॉकपर्यंत (चिपच्या वेगापर्यंत) उचला, त्याच्या उजवीकडची रेघ सपाट करा. प्रत्येक चिप वेगळी असते, दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. गेम क्रॅश झाला तर क्लॉक थोडा खाली घ्या. शिवाय मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असेल तर २२० फ्रेम काढून कार्ड तापवण्यात काय हशील? फ्रेमला मर्यादा घाला.

मग कॅबिनेट. साधी परीक्षा आहे: बाजूची काच काढून तोच गेम चालवा. तापमान पाच-सात अंशांनी उतरलं तर दोष कार्डाचा नाही, हवेच्या वाटेचा आहे. पुढून किंवा खालून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली तर फटींतून धूळ कमी शिरते. पुढचं पॅनल बंद काचेचं असेल तर त्यामागे तीन पंखे लावून उपयोग थोडाच. कार्ड उभं बसवायची हौस असेल तर पंखे आणि काच यांत चांगली मोकळी जागा आहे ना ते आधी मोजा, नाहीतर देखणं कार्ड गुदमरतं.

कॅबिनेट उघडलंच आहे तर, कार्डाला पॉवरची सोळा पिनांची केबल असेल, तर तीही बघा. ती पूर्ण आत बसली पाहिजे, फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरपासून निदान साडेतीन सेंटीमीटर सरळ जाऊन मगच वळली पाहिजे. तापमानाच्या सेन्सरला हा कनेक्टर दिसत नाही, आणि वितळतो तो हाच.

धूळ काढताना वीज बंद आणि पंख्याची पाती बोटाने धरलेली. हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरू देऊ नका. फिल्टर धुतला तर पूर्ण वाळू द्या.

एवढं करूनही हॉटस्पॉट हटत नसेल आणि वॉरंटीची चिंता उरली नसेल, तरच पेस्ट. त्याआधी थर्मल पॅडची (मेमरी वगैरे भाग आणि हीटसिंक यांच्यातल्या मऊ पट्ट्यांची) जाडी त्या नेमक्या मॉडेलसाठी शोधून ठेवा. अर्ध्या मिलिमीटरने जाड पॅड लागला तर हीटसिंक चिपवर टेकत नाही आणि आधी होतं ते बरं वाटायची वेळ येते. उघड्या चिपवर साधी पातळ पेस्ट गरम-थंड होता होता बाहेर ढकलली जाते, म्हणून मी पीटीएम ७९५० सारखी फेज-चेंज शीट (तापल्यावर मऊ होऊन पसरणारी पातळ पट्टी) सुचवेन. पेस्टऐवजी लावतात त्या लिक्विड मेटलच्या (द्रव धातूच्या) वाटेला जाऊ नका. ते ॲल्युमिनियम खातं आणि वीज वाहून नेतं. स्क्रू कर्णात समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. पंख्यांच्या बारीक वायरी सोडवताना घाई नको.

प्रत्येक बदलानंतर तोच गेम, तेवढाच वेळ, आणि एका वेळी एकच बदल. आफ्टरबर्नरमध्ये प्रोफाइल सेव्ह करून ते विंडोज सुरू होताना लागू होईल असं ठेवा, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाला की ते खरंच लागू आहे का हे एकदा तपासा.