जांबोटी रोडला गाडी आदळायची, शॉक असे सेट केले

निपाणी हायवेला गाडी मस्त, पण जांबोटी सोडून कणकुंबीकडं लागलं की मागची सीट नुसती आदळायची, आईची कंबरच धरायची. शॉक ॲब्सॉर्बर ॲडजस्टेबल आहेत, म्हणजे नॉबनं कडक-मऊ करता येतात, बसवताना कडक ठेवलेले. मग नॉब घड्याळाच्या दिशेनं पूर्ण बंद केला, म्हणजे सगळ्यात कडक, आणि तिथनं एकेक क्लिक मोजत मऊ करत सोडला, डावा-उजवा सेम, आणि त्याच खड्ड्यांवरनं परत परत चालवून बघितली. रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना शॉक तिला जो आवर घालतो तो, फार कडक असला की पुढचा खड्डा यायच्या आत स्प्रिंग उघडतच नाही, गाडी खाली बसत जाते, खरा त्रास तोच बघा. आता कच्च्या रस्त्याला मऊ, हायवेला परत कडक, नाहीतर वळणाला झुलते. टायरची हवा मात्र आधी चेक करा, टायर थंड असताना, हवा जास्त असली तर नॉब कितीही फिरवा, दणके बसणारच.