दहिवर पडलेल्या रस्त्यासाठी टायर कसा पारखावा

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात न्यायची म्हणजे वरूडकडची पिकअप पहाटे चारलाच निघते. लिलावाच्या आत पोहोचायचं असतं. तीन हिवाळ्यांपूर्वी जलालखेड्याच्या अलीकडे एका वळणावर आमची गाडी घसरली. वेग चाळीसचाही नव्हता. आदल्या संध्याकाळी कुणाचा तरी ट्रॅक्टर ओलिताच्या वावरातून निघून पांदणीनं डांबरावर आला होता. चाकांची काळी माती रस्त्यावर सांडत गेली आणि रात्रभर तिच्यावर दहिवर पडलं. ब्रेक दाबला तशी गाडी आडवी झाली आणि धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला, टेकून थांबली. कुणाला लागलं नाही, एवढं नशीब.

मला कोडं पडलं ते टायरचं. महिन्यापूर्वीच घेतलेले टायर होते आणि नक्षी बोट बुडेल इतकी खोल होती. उजाडल्यावर टायरची बाजू पुसून आकडे वाचले, तेव्हा कळलं की ते सात वर्षांपूर्वी बनलेले होते. दुकानात नुसते पडून होते आणि आम्हाला नवे म्हणून मिळाले. रबर इतकं कडक झालं होतं की नख रुतत नव्हतं. तेव्हापासून मी टायर घेताना नक्षी शेवटी बघतो. तुम्ही कसं बघावं, ते क्रमानं सांगतो.

आधी ठरवा: आपल्याला खरंच विंटर टायर हवा का?

थंड देशांत हिवाळ्यासाठी वेगळे टायर असतात. फिनलंडमधल्या नोकियन कंपनीनं १९३४ मध्ये असा पहिला टायर काढला, तोही ट्रकसाठी. साधं रबर थंडीत ताठरतं आणि रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत बसत नाही. विंटर टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर ब्लेडनं मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली त्याचा फायदा दिसू लागतो, असं टायरवाले मानतात.

आता आपल्याकडचं बघा. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. गोंदिया, चिखलदरा इकडेही कडाका असतो. पण तो पहाटेच्या दोन-चार तासांचा. दुपारी तोच पारा २८-३० वर जातो आणि मे महिन्यात ४५ ला भिडतो. मऊ रबराचा टायर अशा उन्हात भराभर झिजतो, तापलेल्या डांबरावर ब्रेकही लांब लागतो. म्हणून विदर्भात फिरणाऱ्या गाडीला विंटर टायर घेऊ नका, कुणी स्वस्तात दिला तरी. आपली अडचण बर्फाची नाही. दहिवर, ओली काळी माती आणि धुवारी म्हणजे धुकं, या तीन गोष्टींसाठी टायर पारखायचा आहे.

दहिवराबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. जोराचा पाऊस रस्त्यावरची माती धुऊन नेतो. दहिवर ती धूत नाही, फक्त भिजवतं. आपली काळी माती चिकण, तिला थोडंसंच पाणी मिळालं की साबणासारखा थर होतो. त्यामुळे श्रावणातल्या पावसात न घसरलेली गाडी पौषात कोरड्या दिसणाऱ्या रस्त्यावर घसरते.

टायरची बाजू वाचा

दुकानात दोन टायर शेजारी ठेवायला सांगा आणि आधी वय बघा. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३८२३ असेल तर तो टायर २०२३ सालच्या ३८ व्या आठवड्यात बनला. हे चार आकडे कधी कधी एकाच बाजूला असतात, तेव्हा टायर उलटवून बघा. मी वर्षभराच्या आतलाच घेतो. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर सरळ परत करतो, मग सवलत कितीही असो. दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, पैसे तुमचे आणि जीवही तुमचा.

मग माप, आणि त्याच्यापुढचा भाराचा आकडा व वेगाचं अक्षर. गाडीच्या पुस्तकात दिलंय त्याहून कमी भाराचा टायर संत्र्यांच्या किंवा कापसाच्या गाडीला अजिबात लावू नये.

नक्षी आता बघा. डांबरावर जास्त चालणाऱ्या गाडीला मधली सलग पट्टी आणि पाणी बाहेर काढणारे रुंद उभे चर हवेत. ठोकळे फार मोठे आणि सुटे सुटे असतील तर तो टायर पांदणीत छान चालतो, पण ओल्या डांबरावर त्याचं कमी रबर टेकतं. दुकानदार 'ऑल टेरेन' आणि 'ऑल सीझन' एकच म्हणून सांगतात, ते एक नव्हेत. पहिला कच्च्या रस्त्याचा, दुसरा हवामानाचा.

भारत सरकारनं २०२२ मध्ये टायरच्या ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी, टायर फिरताना होणाऱ्या विरोधासाठी आणि आवाजासाठी मानकं अधिसूचित केली. परदेशी विक्रीच्या टायरवर युरोपचं लेबल असेल तर त्यात ओल्या पकडीला ए ते ई अशी श्रेणी असते. ए सगळ्यांत चांगली. दोन टायरांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर या श्रेणीवर निर्णय करा. मायलेजचा आकडा नंतर.

घरी करून बघायची तुलना

शेजाऱ्याकडे एक कंपनी, तुमच्याकडे दुसरी, तर चावडीवर वाद घालण्यापेक्षा मोजून बघा. कापसाच्या जिनिंगचं मोकळं आवार किंवा रहदारी नसलेला सरळ पक्का रस्ता बघा, दोन्ही टोकांना माणूस उभा करा. चुन्यानं एक रेघ मारा. गाडी ४० च्या वेगात आणून रेघेवर पूर्ण ब्रेक लावा आणि गाडी कुठे थांबली ते टेपनं मोजा. प्रत्येक टायरसाठी तीनदा करा आणि मधला आकडा धरा. गाडी तीच, चालवणारा तोच, माल तेवढाच, टायरमधली हवा सारखी आणि वेळ एकच हवी. नाहीतर ती तुलना टायरची राहत नाही. मग रस्ता पाण्यानं भिजवून तेच पुन्हा. दुचाकीवर हा प्रयोग करू नका, चाक अडकलं की माणूस पडतो.

कशाची अपेक्षा ठेवावी? चांगल्या कोरड्या डांबरावर ४० च्या वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी ९ मीटरच्या आसपास थांबते. पकड निम्म्यावर आली की अंतर दुप्पट होतं. वेग दुप्पट केला तर मात्र अंतर चौपट होतं. धुवारीत समोरचा बैल २० मीटरवर दिसत असेल तर ३० च्या वर जाण्यात काही अर्थ नाही, टायर कुठलाही असो. त्यात पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत गेलेलं अंतर वेगळंच.

हवा: थंडीतली खरी चूक इथेच होते

टायर चांगला घेतला आणि हवा चुकली तर सगळं पाण्यात. ऑक्टोबरच्या उन्हात, बाहेर ३५ अंश असताना तुम्ही ३२ पीएसआय (दाबाचं माप) हवा भरली. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत तीच हवा २८ च्या आसपास दाखवते, एक थेंबही गळती नसताना. हवा गार झाली की तिचा दाब उतरतो, दर ५-६ अंशांमागे साधारण एक पीएसआय. कमी हवेचा टायर कडेनं टेकतो, मधे पोकळ राहतो आणि चरांतून पाणी नीट जात नाही.

म्हणून हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना, घरच्या गेजनं तपासा. गाडीच्या दाराच्या खांबावरचा आकडा हा गार टायरसाठीचा आहे. भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तोही तिथेच लिहिलेला असतो. दुपारी दाब तीन-चारनं वाढलेला दिसेल. तो काढू नका, तो धरूनच आकडा दिलेला असतो. पकड वाढावी म्हणून हवा कमी करायची पद्धत आमच्याकडे अजून आहे. पांदणीत रुतलेल्या ट्रॅक्टरला ती चालते, समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर धावणाऱ्या गाडीला ती धोक्याची. तिथे कमी हवेचा टायर तापतो आणि फुटतो.

दुचाकी आणि ट्रॉली

गावात जास्त चालते ती दुचाकी, म्हणून हे विसरू नका. सुट्या ठोकळ्यांचा बटन टायर वावरात कामाचा आहे, पण दहिवर पडलेल्या वळणावर गाडी झुकली की त्याचं फारच थोडं रबर रस्त्याला लागतं. रोज डांबरावर जाणाऱ्यानं साधी नक्षी घ्यावी. कायद्यानं दुचाकीच्या नक्षीची खोली निदान ०.८ मिलिमीटर आणि मोटारीची १.६ मिलिमीटर हवी. चरांत टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) लिहिलेल्या जागेजवळ छोटी उंच पट्टी असते, नक्षी तिच्या बरोबरीला आली की टायर संपला. हिवाळ्यासाठी मी मोटारीचा टायर ३ मिलिमीटरवरच बदलतो.

ट्रॉलीला रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, टायर लावले जातात, बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. त्यांची पकड तपासून फारसा उपयोग नाही, वेगच कमी ठेवा. आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावा. धुवारीत उभी असलेली कापसाची ट्रॉली मागच्याला दिसतच नाही.

बर्फात जायचं असेल तर

माल घेऊन काश्मीरला किंवा हिमाचलला जाणाऱ्यांचं वेगळं. तिथे गोठलेल्या बर्फावर पकड कोरड्या डांबराच्या सातव्या-आठव्या हिश्शावर येते. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेला असेल तरच तो बर्फात तपासलेला. नुसतं 'एम प्लस एस' म्हणजे चिखल-बर्फासारखी नक्षी, एवढंच. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यात फक्त डोंगर-हिमकणाचं चिन्हच धरलं जातं. चारही चाकांना तोच टायर लावा आणि साखळ्या सोबत घ्या.

शेवटचं काम बसवण्याचं. फक्त दोनच नवे घेतले असतील तर ते मागच्या चाकांना लावा. पुढचं घसरलं तर स्टिअरिंगनं थोडंफार सावरता येतं, मागचं घसरलं की गाडी फिरते, आमची फिरली तशी. नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत २००-३०० किलोमीटर दुपारच्या फेऱ्या करा. पहाटेच्या कळमन्याच्या फेरीला ती गाडी त्यानंतरच काढा.