नागपूरचं शेत बारडोलीत: क्यूजीआयएसमध्ये सीआरएसच्या या चुका टाळा

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर (डेटाचा एक थर) उघडला, पण नकाशावर काहीच दिसत नाही. किंवा दिसतंय, पण भलत्याच ठिकाणी. अशा वेळी बरेच जण सीआरएसच्या यादीतला एकेक पर्याय लावून बघतात आणि एखादा बरा बसला की पुढे जातात. ही सवय आधी मोडा. डेटा चुकून कुठे जाऊन पडलाय ते झूम आउट करून नीट बघा. बहुतेक वेळा ती जागाच चूक सांगते.

मुळात फाइलमध्ये नुसते आकडे असतात. ते अंश आहेत की मीटर, पृथ्वीचा आकार म्हणून कोणता लंबगोल धरून मोजलेत, शून्य कुठे मानलंय ही माहिती वेगळी लिहिलेली असते. तिलाच सीआरएस (कोऑर्डिनेट रेफरन्स सिस्टिम) म्हणतात. पुणे शहर डब्ल्यूजीएस 84 या भौगोलिक प्रणालीत (ईपीएसजी:4326, हा त्या प्रणालीचा ठरलेला क्रमांक) रेखांश 73.86, अक्षांश 18.52 असं येतं. तेच पुणे यूटीएम 43 उत्तर या प्रक्षेपित, म्हणजे पृथ्वीचा एकेक पट्टा सपाट करून मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत (ईपीएसजी:32643; 43 हा पट्ट्याचा क्रमांक) पूर्वेकडे सुमारे 3,79,700 मीटर आणि उत्तरेकडे सुमारे 20,48,000 मीटर असं येतं. जागा एकच, आकडे वेगळे. आकडे एका प्रणालीचे आणि नाव दुसरीचं अशी गल्लत झाली, तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. तुम्ही सांगाल ते खरं धरून ते बिनदिक्कत नकाशा काढतं.

डेटा कुठे पडलाय?

पुण्याचे बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या दक्षिणेला समुद्रात दिसत असतील, तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालीय. एक्सेलमधली यादी सीएसव्ही करून आणताना हे हमखास होतं. क्यूजीआयएसमध्ये एक्सच्या रकान्यात रेखांश आणि वायच्या रकान्यात अक्षांश द्यायचा असतो, पण गूगल मॅप्सवरून उचललेल्या जोडीत अक्षांश आधी असतो. केएमएल आणि जिओजेसन या प्रकारच्या नकाशा-फाइलींमध्ये पुन्हा रेखांश आधी. ईपीएसजी:4326 ची अधिकृत व्याख्या मात्र अक्षांश आधी सांगते, त्यामुळे एखाद्या वेब सेवेवरून डेटा ओढताना तुमची काही चूक नसतानाही क्रम उलटू शकतो. यावर पाठांतराचा उपयोग नाही, एक ओळखीचा बिंदू तपासणं हाच उपाय. महाराष्ट्रापुरती खूण सोपी आहे: रेखांश 72 ते 81 च्या आत, अक्षांश 15 ते 23 च्या आत. मोठा आकडा एक्स.

सगळे बिंदू मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर, एका टिंबात गोळा झालेत? मग आकडे अंशांत आहेत आणि लेयरला सीआरएस यूटीएम 43 दिलाय. 73.86 अंश हे 73.86 मीटर समजले गेले, आणि या पट्ट्याचा शून्यबिंदू तिथेच, पट्ट्याच्या मध्यावरच्या 75 अंश रेखांशाच्या 500 किलोमीटर पश्चिमेला येतो. हाच गोंधळ ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर प्रणालीच्या (ईपीएसजी:3857) बाबतीत झाला, तर ते टिंब आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात सापडेल.

नागपूरजवळचं शेत गुजरातेत बारडोलीच्या आसपास उमटलं, तर पट्टा चुकलाय: आकडे यूटीएम 44 चे, नाव 43 चं. पट्टे सहा-सहा अंशांचे असल्यामुळे डेटा बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकतो, अक्षांश तोच राहतो. उलट, पुण्याच्या डेटाला चुकून 44 दिलं तर तो तेलंगणात भूपालपल्लीकडे जातो. या चुकीत शेताचा आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही अगदी ठाकठीक दिसतात, म्हणून खाली उपग्रहचित्र नसेल तर ती पकडलीच जात नाही.

पुण्यातला बिंदू तोरण्याच्या पश्चिमेला घाटमाथ्याजवळ गेला असेल, तर सीआरएसला दोष देऊ नका. कोणीतरी 18 अंश 31 मिनिटं 12 सेकंद हे 18.3112 असं लिहिलंय, आणि रेखांशही त्याच पद्धतीने. अक्षांशाचं खरं उत्तर 18.52. मिनिटांना 60 ने आणि सेकंदांना 3600 ने भागून बेरीज करायची असते. ओळखायची युक्ती: शेकडो बिंदूंच्या यादीत दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक एकदाही 59 च्या वर गेले नसतील, तर संशय घ्या.

‘सेट’ म्हणजे रूपांतर नव्हे

सगळ्यात जास्त डेटा या एका गैरसमजाने बिघडतो. लेयरवर राइट क्लिक करून ‘सेट लेयर सीआरएस’ मध्ये 32643 निवडलं की अक्षांश-रेखांशांचे मीटर होतील, असं अनेकांना वाटतं. होत नाहीत. या आज्ञेने आकडे हलत नाहीत, फक्त त्यांच्यावरचं नाव बदलतं. डबा साखरेचाच राहतो, चिठ्ठी तेवढी मिठाची लागते.

आकडे खरोखर बदलायचे असतील तर ‘रिप्रोजेक्ट लेयर’ हे साधन वापरा, किंवा ‘एक्सपोर्ट’मधून ‘सेव्ह फीचर्स अ‍ॅज’ करताना हवा तो सीआरएस निवडा. दोन्हींमध्ये नवी फाइल तयार होते आणि मूळ फाइल तशीच राहते. आर्कजीआयएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच जोडी ‘डिफाइन प्रोजेक्शन’ आणि ‘प्रोजेक्ट’ या नावांनी भेटते. तिथे जास्त जपायला हवं, कारण ‘डिफाइन प्रोजेक्शन’ चुकीचं नाव थेट डेटासोबतच लिहून ठेवतं. क्यूजीआयएसमधलं ‘सेट’ त्या प्रोजेक्टपुरतं असतं. पण चुकीचं नाव लावलेला लेयर तुम्ही एक्सपोर्ट केलात, की ती चूक नव्या फाइलमध्ये कायमची जाते आणि पुढच्या माणसाला ती ओळखायला काही मागमूस राहत नाही.

मग ‘सेट’ वापरायचं कधी? फाइलला नावच नसेल, किंवा असलेलं नाव चूक आहे याची खात्री असेल तेव्हाच. शेपफाइल या प्रचलित फाइलप्रकारात एका लेयरच्या अनेक फाइली असतात आणि ही माहिती डॉट पीआरजे या छोट्या फाइलमध्ये असते. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी फक्त डॉट एसएचपी, डॉट एसएचएक्स आणि डॉट डीबीएफ पाठवतं आणि पीआरजे मागेच राहते. अशा लेयरच्या नावापुढे क्यूजीआयएस प्रश्नचिन्ह दाखवतं. त्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून अंदाजाने काहीतरी ठोकून देण्यापेक्षा पाठवणाऱ्याला फोन करा. तो सापडत नसेल तर लेयरच्या माहितीत ‘एक्स्टेंट’ (डेटाची चारही बाजूंची हद्द) बघा. दोन आकडी संख्या असतील तर अंश. सहा आकडी पूर्व आणि सात आकडी उत्तर असेल तर बहुधा यूटीएम. ऐंशी लाखांच्या पुढचा एक्स दिसला तर वेब मर्केटर.

हा गैरसमज इतका टिकून राहण्याचं एक कारण सॉफ्टवेअरच्या चांगुलपणात आहे. क्यूजीआयएस 3 मध्ये सगळे लेयर दाखवताना आपोआप प्रोजेक्टच्या सीआरएसमध्ये आणले जातात. अंशांतला लेयर आणि मीटरमधला लेयर पडद्यावर एकमेकांवर चपखल बसतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळं एकाच प्रणालीत आहे. पण जुळलंय ते चित्र. फाइलमधले आकडे जिथल्या तिथे आहेत.

याचा फटका बसतो बफर, म्हणजे बिंदूभोवती ठरावीक अंतराचा घेर काढताना. खाली उजवीकडे प्रोजेक्टचा सीआरएस 32643 दिसतोय म्हणून विहिरींच्या लेयरवर 500 चा बफर मागितला, आणि लेयर 4326 मध्ये असला, तर साधन 500 अंश धरतं. सगळा नकाशा रंगाने भरून जातो. अंतराच्या चौकटीशेजारी एकक ‘डिग्रीज’ लिहिलेलं असतं, पिवळा इशाराही असतो, पण तो बघतो कोण! त्याहून वाईट म्हणजे यावरचा प्रचलित ‘जुगाड’: 0.001 अंश म्हणजे 111 मीटर धरायचे. नागपूरच्या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे 104 किलोमीटर भरतो आणि एक अंश अक्षांश सुमारे 111. तुमचं वर्तुळ जमिनीवर लंबवर्तुळ होतं. लेयर आधी यूटीएममध्ये रिप्रोजेक्ट करा, मग बफर.

एक एकराचे 46 गुंठे

वेब मर्केटर ही पार्श्वनकाशा दाखवायची प्रणाली आहे, मोजणीची नाही. ती कामात शिरते कशी ते बघा. कोरा प्रोजेक्ट उघडून आपण सर्वात आधी ओपनस्ट्रीटमॅप हा पार्श्वनकाशा टाकतो. क्यूजीआयएस सहसा पहिल्या लेयरचा सीआरएस प्रोजेक्टला देतं, म्हणून प्रोजेक्ट 3857 मध्ये जातो. पुढे शेतांच्या सीमा काढून सेव्ह करताना आपण ‘प्रोजेक्ट सीआरएस’ निवडतो. झालं, फाइल वेब मर्केटरमध्ये.

एकक मीटरच असल्यामुळे शंका येत नाही. पण या प्रक्षेपणात विषुववृत्तापासून दूर जाल तसं अंतर फुगतं. नागपूरच्या अक्षांशावर लांबी सुमारे 7 टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे 15 टक्के जास्त येतं. म्हणजे 40 गुंठ्यांचा एकर 46 गुंठ्यांचा होतो. तीच चूक सावंतवाडीत केली तर 43 ते 44 गुंठे. ठरावीक टक्के वजा करून भागत नाही ते यामुळे.

त्यात फील्ड कॅल्क्युलेटर या रकान्यांत हिशेब भरणाऱ्या साधनात क्षेत्रफळाची दोन सूत्रं आहेत. डॉलर चिन्ह लावलेलं ‘एरिया’ प्रोजेक्टच्या सेटिंगमधला लंबगोल वापरून मोजतं, त्यामुळे लेयर वेब मर्केटरमध्ये असला तरी उत्तर बरोबर येतं. कंसात जिऑमेट्री देऊन वापरायचं ‘एरिया’ मात्र लेयरच्या सपाट आकड्यांवरच हिशेब करतं. 4326 मधल्या लेयरवर ते चौरस अंश देतं: एका एकरासाठी 0.00000035 च्या आसपास, आणि रकाना तीन दशांशांचा असेल तर चक्क शून्य. दोन सूत्रांची उत्तरं वेगळी येत असतील तर आधी लेयरचा सीआरएस, मग प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमधला लंबगोल तपासा. तिथे ‘नन’ निवडलेलं असेल तर डॉलरवालं सूत्रही सपाटच मोजतं.

78 अंशांची रेषा

महाराष्ट्र दोन यूटीएम पट्ट्यांत येतो. 78 अंश रेखांशाच्या पश्चिमेला 43, पूर्वेला 44. मुंबई, पुणे, नांदेड, अकोला, अमरावती शहर 43 मध्ये. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली 44 मध्ये. यवतमाळ शहर रेषेच्या किंचित पूर्वेला आहे, पण जिल्हा दोन्हीकडे पसरलाय. अशा जिल्ह्याचे दोन तुकडे करू नका. एक पट्टा निवडून सगळा जिल्हा त्यातच ठेवा. कडेपासून अंशभर बाहेर गेल्याने येणारी चूक किलोमीटरला दोनेक मीटरच्या आत राहते. पुणे मात्र 44 मध्ये नेलंत तर किलोमीटरमागे साडेसहा मीटर वाढतील. संपूर्ण राज्याचा नकाशा असेल तर यूटीएमचा हट्ट सोडा. भारतासाठी लॅम्बर्ट शंकू प्रक्षेपण आहे (ईपीएसजी:7755), आणि राज्यांसाठी त्याच धर्तीवर वेगळे आहेत. सीआरएसच्या शोधपट्टीत राज्याचं नाव इंग्रजीत टाइप करा, सापडतं.

शे-दीडशे मीटरची सरक

डेटा जवळजवळ बरोबर बसतोय, पण सगळीकडे एकाच दिशेने शंभर-दीडशे मीटर हललाय. हे लक्षण जुन्या टोपोशीटचं, म्हणजे छापील सर्वेक्षण नकाशाचं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीट्स (पुण्याची 47एफ/14, उदाहरणार्थ) एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेल्या आहेत. त्याची आधारभूमी (डेटम, म्हणजे मोजणीचा मूळ संदर्भ) मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरची. त्या लंबगोलाची मोठी त्रिज्या डब्ल्यूजीएस 84 पेक्षा आठशेहून अधिक मीटरने कमी आहे आणि केंद्रही वेगळ्या ठिकाणी आहे. म्हणून शीटच्या कोपऱ्यावर छापलेला 73 अंश 45 मिनिटं आणि मोबाइलमधला 73 अंश 45 मिनिटं जमिनीवर एकाच जागी येत नाहीत.

जिओरेफरन्सिंग करताना, म्हणजे स्कॅन केलेली शीट खऱ्या जागी बसवताना, कोपऱ्यांचे आकडे टाकून सीआरएस 4326 निवडला की ही सरक नकाशात शिरते. मग लोक हाताने शीट ओढून रस्त्यांवर बसवतात. तसं करू नका. त्या वेळी कल्याणपूर 1975 (ईपीएसजी:4146) निवडा आणि तयार झालेलं चित्र नंतर डब्ल्यूजीएस 84 मध्ये वार्प (चित्राचं रिप्रोजेक्ट) करा. रूपांतराचे पर्याय समोर आले तर भारतासाठीचा निवडा. दहा-वीस मीटरची चूक त्यातही उरते, तेवढी गृहीत धरा. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरच्या ओपन सिरीजच्या शीट्स डब्ल्यूजीएस 84 आणि यूटीएमवर आहेत. त्यांना कल्याणपूर लावलंत तर हीच सरक उलट्या दिशेने मिळेल. शीटच्या समासातला मजकूर आधी वाचा.

गावनकाशांची गोष्ट वेगळी. जुन्या मोजणीच्या नकाशावर अक्षांश-रेखांश नसतातच, त्यामुळे त्यांना कुठलाही सीआरएस ‘बरोबर’ नसतो. बांध, तिठे, विहिरी अशा खुणा उपग्रहचित्रावर शोधून तो बसवावा लागतो आणि तो एका कोपऱ्यात बसून दुसऱ्यात सुटतो. तिथे सीआरएस बदलत बसण्यात वेळ घालवू नका, खुणांचे बिंदू वाढवा.

आणि सरक चार-पाच मीटरचीच असेल, दर वेळी वेगळ्या दिशेला असेल, तर तो मोबाइलचा जीपीएस आहे. झाडाखाली किंवा इमारतींच्या दाटीत तो याहून जास्त भरकटतो. सगळे बिंदू एकाच दिशेला पण थोडेसेच हललेले असतील तर पार्श्वभूमीचं उपग्रहचित्र बदलून बघा. दोन पुरवठादारांची चित्रं कित्येकदा एकमेकांशीच काही मीटरने जुळत नाहीत.