घरात एकाला फ्लू झाला, तर बाकीच्यांना कसं जपायचं?

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरत होता. शाळा बंद होत्या. त्या स्वाइन फ्लूच्या साथीचा एच१एन१ विषाणू कुठे गेला नाही; तोच आता हंगामी फ्लू होऊन दरवर्षी येतो, पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळा सरताना.

आधी ओळखा. सर्दी हळूहळू चढते. फ्लू अचानक गाठतो: सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी तापानं फणफणतो, अंग ठणकतं, कोरडा खोकला लागतो.

मग लगेच अंथरूण वेगळं करा. फ्लू पसरायला लागतो तो लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून, आणि पुढे पाच-सात दिवस पसरतो. ताप मोजेपर्यंत एक दिवस हातचा गेलेला असतो, म्हणून ‘उद्या बघू’ नको. वेगळी खोली नसेल तर खिडकीजवळ झोपवा, खिडकी उघडी ठेवा, इतरांची अंथरुणं निदान दोन हात लांब घाला. मास्क आजारी माणसानं लावायचाच, त्याच्याजवळ बसणाऱ्यानंही लावावा.

खोकल्यातले थेंब हवेतून येतात तसे हातावरूनही येतात. मोबाइल, रिमोट, दाराची कडी रोज पुसा. बेसिनजवळचा सगळ्यांचा एकच नॅपकिन आधी काढा. माझ्या मते घरोघरी सगळ्यात दुर्लक्षित राहते ती हीच गोष्ट. आजारी मुलाचं नाक पुसलेल्या पदरानं धाकट्याचं तोंड पुसू नका.

घरात गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढचे आजी-आजोबा, दमा किंवा मधुमेह असलेलं कुणी आजारी पडलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. ऑसेल्टामिवीर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका. धाप लागली, ओठ निळसर पडले, मूल पाणी पिईना, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर थेट रुग्णालय गाठा.

विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा पावसाळ्याआधी घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देता येत नाही. आईनं गरोदरपणात घेतली तर बाळालाही संरक्षण मिळतं.

तापाचं औषध न घेता २४ तास ताप आला नाही, की मग मुलाला शाळेत पाठवा.